पालाबाहेरची रात्र

येरमाळ्याच्या बसस्टँडवर मी बाळाला मांडीवर घेऊन धाराशिवच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर एक पारधी बाई पालाच्या कापडाचं गाठोडं पायाशी घेऊन बसली होती. तिच्याजवळ उभी असलेली तरुणी त्यांच्या वस्तीवर बिनपगारी शिकवायला जायची, हे बोलण्यातूनच कळलं.

“गायरानातनं उठवलं आमाला, ताई. आता सोनारीकडं चाललो.”

“तुम्ही जा मावशी, पण तुमच्या कोमलला माझ्याकडं ठेवा. परीक्षा होईपर्यंतच.”

“न्हाय जमायचं. पोर रातीला पालाबाहेर राह्यली की जातीचे पंच बसत्यात.”

“अहो, घरात माझी आई आहे.”

“आसंल की. पंच कुणाच्या घरी राह्यली ते इचारत न्हाईत. राह्यली का, एवढंच इचारत्यात.”

“आत्ता कुठं वाचायला लागलीय ती. वर्ष वाया जाईल तिचं.”

“व्हय, ठाव हाय. दुकानांच्या पाट्या वाचून डोकं खाती माजं.”

“मग करायचं काय?”

“तुमीच चला सोनारीला. पालात जागा करते.”

“मी?”

“शिकवायचंय न्हवं?”

“शिकवायचंय. पण रात्री बाहेर राहायचं म्हटलं की आई लई चिडते.”

“मग आमच्या पंचांवर कशाला रुसता?”

“तसं नाही हो, मावशी...”

“लावा फोन आईला. म्या बोलते. तुमची पोर माज्या पोरीसंगं निजंल, म्हणते, आन् दाराशी म्या.”

तरुणीनं पर्समधून मोबाइल काढला.