आत्याला काय वाटतंय

सलाईन लावलं आन् संध्याकाळी घरी, एवढं सोपं वाटतं ना? आमच्या आत्याला विचारा. आत्या लिंबागणेशकडची, शेळ्या राखते. रक्त लई कमी झालतं म्हणून डॉक्टरांनी लोहाचं सलाईन सांगितलं. मी तिला बीडला घेऊन गेलतो.

सिस्टर येता-जाता विचारायची, "आत्या, दुखतंय का?"

"न्हाई बाई."

थोड्या वेळानं बघतो, तर आत्या पदराखाली मान खाजवत होती. म्हणलं, "कावून खाजवतीस?"

"शेळ्यांत राहते रं, खाजणारच."

मान लालभडक झालती. मी सिस्टरला हाक मारली. तिनं आधी सलाईन बंद केलं. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं.

खाज थांबल्यावर सिस्टर म्हणाली, "सांगितलं का नाही? श्वास कोंडला असता म्हणजे?"

"तुमी दुखतंय का इचारलं. दुखत नव्हतं, खाजत होतं."

डॉक्टरांनी सलाईन अगदी हळू परत सुरू केलं आणि बजावलं, "आता काहीही वाटलं, की लगेच सांगायचं."

आत्यानं ते लईच मनावर घेतलं. "बाई, पंखा लई वाजतोय." "बाई, भूक लागली." "बाई, ह्यो शेजारचा पेशंट घोरतोय."

पुढच्या वेळी सिस्टरनं तिची कॉट स्वतःच्या टेबलाला चिकटवूनच ठेवली होती. सुई लावून तिनं विचारलं, "काही वाटतंय का, आत्या?"

आत्यानं टेबलावरच्या न उघडलेल्या डब्याकडं बघितलं. "वाटतंय ना. तू सकाळपासून जेवलेली न्हाईस."