मोटार कुठं लावू

माझा जन्म बेंबळीचा, बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी, आन शाळा म्हनाल तर निजामाच्या राज्यात उर्दूची दोन बुकं, ती बी विसरलो. मोटारीचा नाद मात्र लई. ट्रकवर क्लीनर म्हनून लागलो, मार खात खात गाडी शिकलो, मग निजाम गेला, मुंबई राज्य आलं, आन धाराशिवच्या एका आडत्यानं मोटार घेतली तिच्यावर मला ठेवलं. लोक म्हनायचे, नशीब काढलंस गड्या. कसलं नशीब वो गुरुजी, दुसऱ्याच्या बायकापोरांची गाठोडी उचलायची.

दर आईतवारी मालकाची मंडळी सोलापूरला जायची, लुगडी बघायला. आन त्याच सोलापूरच्या दवाखान्यात माझी बायको शेवंता पडलेली. छातीचा आजार. भेटायची येळ फकस्त आईतवारी चार ते पाच. मालक म्हनला, जा की, मी न्हाय म्हनत न्हाय, पर मोटार कायद्याच्या जागी लाव, पोलिसानं नेली तर मला तोंड दावू नको.

आता दवाखान्यापुढं पाटी लावलेली. पानवाल्यानं वाचून सांगितलं, सम तारखेला ह्या अंगाला गाडी लावायची, विषमला त्या अंगाला. म्या म्हटलं सोपं हाय. त्या दिशी दशमी हुती. दशमी म्हंजी धा, धा म्हंजी सम, लावली मोटार आन गेलो वर. शेवंताचा हात हातात घेतला न्हाय तोवर खालनं शिट्टी. पोलीस म्हनतो, आज तारीख किती? म्या म्हटलं, दशमी. आवो, हसायलाच लागला की त्यो! तारीख सतरा निघाली. आमच्यात कोन तारीख बघतंय, पेरा तिथीवर, लगीन तिथीवर, उपास तिथीवर. चौकीवर बसवलं मला, सांजपतुर. मालकीनबाई दुकानाच्या पायरीवर गाठोडी घिऊन बसलेल्या. मालक घरी गेल्यावर म्हनला, अजून एक डाव असं झालं तर किल्ली ठिवायची आन चालायला लागायचं.

मग तारीख शिकलो. पर काय सांगू तुम्हाला, तारीख कळून जागा थोडीच गावती? आईतवारी समदं सोलापूर भेटायला येनार, खरं अंग गच्च भरलेलं, मोकळं अंग बेकायदा. फिरायचं, परत फिरायचं, त्याच रस्त्यानं, घड्याळाचा काटा फिरतोय आन म्या बी फिरतोय. मान दुखायची, डोळं जळायचं. एका आईतवारी पाचाला पाच मिनटं असताना पोचलो. शेवंता म्हनली, आवो, कशापायी जीव काढताय, म्या व्हरांड्यात उभी ऱ्हाते, तुमी खालनं जावा, दिसलात म्हंजी भेटल्यासारखंच की. म्या म्हटलं, हे काय भेटनं झालं व्हय? तर म्हनली, तुमची चाकरी गेली तर माझ्या औषधाचं कोन बघंल.

तसेच चार आईतवार गेले. व्हरांड्याखाली आलं की मोटार हळू करायची, ती पदर हलवायची, मागनं हॉर्न वाजला की निघायचं. धा-बारा फेरे व्हायचे. बोलनं न्हाय, काय न्हाय. सोता मालकाच्या मोटारीत आन बायको वर कठड्याला टेकून उभी, लई लाज वाटायची मला.

पाचव्या आईतवारी व्हरांड्यात कोन न्हाय. एक फेरा मारला, न्हाय. दुसरा मारला, न्हाय. मग तारीख न्हाय का पाटी न्हाय, मोकळ्या अंगाला मोटार सोडली आन जिना चढलो पळत. खाट मोकळी. नर्सबाई म्हनल्या, पहाटंच गेल्या वो, गावाकडं निरोप धाडलाय. निरोप गेला बेंबळीला आन म्या हुतो धाराशिवला. मागल्या खोलीत ठिवली हुती तिला, तिथं तिच्याजवळ बसलो, किती येळ कुनास ठावं. कुनी ऊठ म्हनलं न्हाय.

खाली आलो तर मोटार हाय तिथंच. शेजारी त्योच पोलीस. त्यानं माझं तोंड बघितलं, हात करून मागच्या गाड्या थांबवल्या आन मला वाट करून दिली. मला असा राग आला गुरुजी, आजूक येतो. मेल्या, आजच बरी दया आली तुला!

आजूक बी त्याच मालकाकडं हाय. आईतवारी जातो सोलापूरला. आता दवाखान्यापासनं लांब, आडवाटेला मैदानाकडं लई जागा असती, पटकन गावती. मोटार लावतो आन आतच बसून ऱ्हातो. मला कुठं चढून जायचंय आता? तुमची मानसं सुखी ऱ्हावोत गुरुजी, ज्याला भेटायचं त्याला येळंवर भेटत जावा.