नजर डावीकडून आत शिरते

...आणि आता सगळे मलाच विचारतात, ‘‘तो लाल ठिपका तू पुसलासच कशाला?’’ कशाला म्हणजे? डाग दिसला, पुसला! स्वच्छता हा काय गुन्हा झाला?

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही मलाच वेड्यात काढाल. कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायची जागा निघाली. एकच! त्याआधी दोन मुलाखतींत मी ततपप करून घरी आलेली, त्यामुळे आईने निर्वाणीचं सांगितलेलं, ‘‘या खेपेला तोंड उघड ग बाई, नाहीतर मामाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटव जन्मभर.’’ आणि परीक्षा कसली? तर आदल्या दिवशी एक स्लाइड हातात देणार, जुनं युरोपातलं निसर्गचित्र, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या रचनेवर वीस मिनिटं बोलायचं. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतली एवढीशी फिल्म, आणि चौकटीच्या कोपऱ्यात तो मेला लाल ठिपका. मला वाटलं, नेलपॉलिश सांडलंय कुणाचं तरी. आई म्हणाली, ‘‘शी! ही घाण घेऊन उभी राहणार मोठ्या माणसांसमोर?’’ घेतला कापूस, घासला, गेला. मग स्लाइड खिडकीशी धरली, एक डोळा मिटला आणि बसले अभ्यासाला.

डावीकडे काळंभोर झाड, मध्ये नदी, पूल, गाई, उजवीकडे लांबवर सोनेरी उजेड. मला तर साक्षात्कारच झाला! नजर डावीकडून आत शिरते, झाड तिला दारातल्या यजमानासारखं ‘या, या’ म्हणतं, पुलावरून पलीकडे नेतं आणि उजेडात सोडतं. रात्रभर तेच घोकलं. नजर डावीकडून आत शिरते. दात घासताना, नजर डावीकडून... भावाने विचारलं, ‘‘ताई, चकणी झालीस का?’’

सकाळी अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर स्लाइड दाखवायच्या यंत्रावरचे काका स्लाइड उलटसुलट करत कुजबुजले, ‘‘मॅडम, ठिपका कुठाय? कुठल्या बाजूने घालू?’’ आणि मी, जी दार वाजलं तरी दचकते, ती मी ऐटीत म्हणाले, ‘‘झाड डावीकडे, काका.’’

सुटलेच हो मग! पडद्याकडे पाठ, हातात काठी, तोंड थांबेना. विभागप्रमुख बाई मान डोलावतायत. बाहेरून आलेले तज्ज्ञ सर डोळे मिटून म्हणतायत, ‘‘वाऽ! झाड तिथंच हवं. इंचभर इकडे नाही, तिकडे नाही.’’ मग एक डोळा उघडून, ‘‘पण गुराखी डावखुरा का?’’ जीभ आपली धावतेच आहे, ‘‘सर, बाहेर पळणारी नजर तो डाव्या हाताच्या काठीने परत आत हाकतो.’’ सर म्हणाले, ‘‘अप्रतिम!’’

आणि मागून काका खाकरले. ‘‘मॅडम... कोपऱ्यात चित्रकाराची सही बघा. उलटी वाचायला लागतेय.’’

काकांनी स्लाइड काढली, फिरवली, खट्! झाड उजवीकडे. उजेड डावीकडे. गुराखी उजवा. ‘‘ठिपका नव्हता ना,’’ काका म्हणाले, ‘‘स्लाइड कुठल्या बाजूने घालायची, त्याची ती खूण असते. मीच लावतो, सगळ्यांना.’’ म्हणजे माझी नजर डावीकडून आत शिरते, उजेडात भोवंडते आणि धाडकन झाडावर आपटते! मला बाटल्या दिसायला लागल्या. रांगेने. लेबलांसकट.

बाई म्हणाल्या, ‘‘मग आता काय म्हणायचं?’’

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, ‘‘ठिपका मी पुसला. डाग वाटला. आणि... चित्र असंही छानच दिसतंय. मग मी वीस मिनिटं काय बोलले, मलाच कळत नाहीये.’’

सरांकडे बघवेना. इंचभर इकडे नाही म्हणालेले ना! त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, ‘‘बाई, हिला घ्या. नाहीतर ही बाहेर जाऊन सांगेल.’’

घेतलं! पेढे कसले वाटताय, पुढचं ऐका. आता वर्गात पहिल्याच बाकावरची मुलगी विचारते, ‘‘मॅडम, चित्रात नजर कुठून आत शिरते?’’ मी मागे बघते. काका लाल ठिपका शोधत असतात. मी म्हणते, ‘‘थांब ग... काकांनी स्लाइड घातली की सांगते.’’