लोकरीचं विमान

...आणि वर आमची ही, सुचेता, मलाच म्हणते, "तुम्ही पुस्तक वाचत नाही, पुस्तकाशी भांडता!" अहो, भांडू नको तर काय करू? तुम्हीच सांगा, उभा जन्म इथे बंगळुरात सरकारी कारखान्यात विमानांची डिझाइनं करण्यात गेला माझा, आणि नात मांडीवर बसून पुस्तक उघडते तर त्यात काय? हत्ती! हत्तीने विमान विणलंय, लोकरीचं, दोन उलट दोन सुलट, आणि स्वतः बसलाय कुठे, तर पार नाकाशी! म्हटलं, कस्तुरी, हे उडायचं नाही!

चित्रं छान आहेत हो, नाही कोण म्हणतंय? ढगांवर मोजे वाळत घातलेत, शेपटाशी उंदीर थर्मास घेऊन बसलाय, पंखाचा धागा सुटलाय नि त्याला धरून चिमणी झोके घेतेय... काढणाऱ्याचा हात काय गोड! पण हत्ती पुढे, उंदीर मागे? तोल नावाची काही चीज? मी समजावलं, हे बघ बाळा, वजन इथे, पंख इथे, म्हणजे नाक खाली, शेपूट वर, धप्प! हे उडायचं नाही!

पोरीने पुस्तक मिटलं. "आजोबा, तुम्ही सगळं स्पॉइल करता," म्हणाली नि गेली की समोरच्या प्रेमाअक्कांकडे! रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर बसणारी पोर! आणि त्या अक्का कानडीत वाचतायत, हात हलवून ओरडतायत, "हारतु, नोडु, हारतु!" म्हणजे उडालं, बघ, उडालं! दोन दारांतून हसणं ऐकू येतंय मला, आणि इथे मांडी रिकामी!

पण मी हटणारा नव्हे! ठरवलं, हेच विमान उडवायचं, हत्ती पुढेच ठेवून! बांबूच्या काड्या आणल्या, सुचेताचा अर्धा स्वेटर उसवला ("अहो, माझा स्वेटर!"), मातीचे हत्ती नि उंदीर केले, तोल साधायला उंदराच्या पोटात गुपचूप शिसं भरलं, आणि सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. "अण्णा, स्वल्प जपून हं," अक्का म्हणाल्या. फेकलं... आणि धप्प! थेट अक्कांच्या वाळत घातलेल्या संडग्यांवर!

मी म्हणणार, हे उडायचं... तेवढ्यात कस्तुरीने पुस्तक पुढे केलं. "आजोबा, हत्तीचे डोळे बघा ना." बघतो तर काय, मिटलेले! प्रत्येक पानावर! मी पंख मोजले, टाके मोजले, पण त्या बिचाऱ्याचं तोंड एकदाही बघितलं नव्हतं हो, आणि काय सुख होतं त्या तोंडावर! पोर विचारते, "मग फेकताना तुम्ही का उघडे ठेवले?"

आमच्या अख्ख्या बनशंकरी भागादेखत गच्चीवर डोळे मिटून उभा राहिलो. फेकलं. "उडालं!" टाळ्या! डोळे उघडतो तर विमान माझ्याच पायाशी. अगं, कुठे उडालं, इथेच तर पडलंय!

"उडून परत आलं, आजोबा. तुमचे डोळे मिटलेले होते, तुम्हाला काय माहीत?"

"हौदु अण्णा, मी पण बघितलं," अक्का म्हणाल्या. त्यांचे संडगे चुरा झालेत, तरी त्यांनी बघितलं!

सरी अक्का, म्हटलं, बरं, उडालं. तिथेच खाली बसलो, तशी पोर येऊन मांडीत बसली, पान उलटलं... आणि पुढे उंट! पाणबुडी विणतोय! लोकरीची! कस्तुरी माझ्या तोंडाकडे बघतेय, अक्का बघतायत, सुचेता बघतेय... मी म्हटलं, वा, सुंदर! बोलायचंच नाही ना आपण. पाणबुड्या आमच्या खात्यात येतच नव्हत्या!