खडखडाटाची वेतनवाढ

हसू नका, पण उत्तम शिकवतो म्हणून मला एकदा जादा वेतनवाढ मिळाली आहे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या संस्थेने ठरवलं की सरकारी पगाराच्या वर, दरवर्षी एका प्राध्यापकाला आपल्या मर्जीने काहीतरी द्यायचं. मर्जी कुणाची? तर अध्यक्ष अन्वरशेठची. शेठचा जवळच्या शेलार गावात लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना.

शेठ एका दुपारी आले, व्हरांड्यातून एक फेरी मारली, एकाही वर्गात डोकावले नाहीत, आणि प्राचार्यांना म्हणाले, "पाटकर सरांना द्या."

पाटकर म्हणजे मी. माझ्या वर्गात तेव्हा पोरं बाकं बडवत होती. शेजारी फडके सरांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

फडके तडक शेठच्या पुढ्यात. "अहो, माझ्या वर्गात एक पोरगा हूं की चूं करत नाही!"

"वही तो, सर," शेठ हळहळले. "तीस वर्षं कारखाना चालवतोय. खडखड आली म्हणजे काम चालू हाय. आवाज थांबला की मी पळत जातो, काय बिघडलं ते बघायला. तुमच्या दारात दोन मिनिटं थांबलो. अंदर सब बंद!"



पुढच्या वर्षी शेठ फेरीला आले, तेव्हा मी फळ्यावर लिहीत होतो. भिंतीपलीकडून फडके सर ओरडले, "अरे गाढवांनो, बोला की काहीतरी! शेठ आले!"