न बसणारा प्रोसेसर

हसू नका, आमच्या घरात मला आवाज फुटला तो कॉम्प्युटरमुळे. लग्न होऊन महिना झाला होता. ह्यांनी आठवडाभर खपून बजेटमधल्या गेमिंग कॉम्प्युटरचे पार्ट निवडले. ते ऑर्डर देणार, तेवढ्यात शेजारी मेथी निवडता निवडता मी म्हणाले, "हा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसणार नाही. सॉकेट वेगळं आहे."

सासूबाई दचकल्या. "अगं बया, बोलतीस व्हय तू!"

ह्यांनी तपासलं. खरंच बसत नव्हता.

"माहेरी दौंडला भावाचा कॉम्प्युटर मीच जोडलाय," मी म्हणाले.

"मग आठवडाभर गप का बसलीस?" हे म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठं?"

हे उठून आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून हाक आली, "चहात साखर किती लागते गं तुला?"

महिनाभर ह्यांच्यासारखाच गोडमिट्ट चहा पीत होते मी. म्हटलं, "अर्धा चमचा."