सतरा नंबरची खात्री

नरडाणा स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या कमलबाईंच्या शेजारी बसलेले म्हातारे गुरुजी मांडीवरची वही सोडेनात, आणि तरुण मास्तर हट्ट सोडेना.

"नाना, तुमच्या जुन्या पोरांनी या वहीत प्रत्येक उत्तरापुढे सोळापैकी किती आणे खात्री ते लिहिलंय. छापून सगळ्या शाळांना देऊ."

"आणि माझ्या पोरांची फजिती गावोगाव?"

"नावं कुठं आहेत? नुसते नंबर."

"सतरा नंबर वाच."

"उत्तरं बठ्ठी, सगळीच्या सगळी बरोबर. खात्री दोन आणे! कोण हो हे भित्रं?"

"तूच, लोटन."

मास्तर वहीवर वाकून ते अक्षर पुन्हा बघू लागला.

"बोल. आता द्यायची सगळ्यांना?"

"द्या, नाना."

"किती आणे खात्री?"

"सोळा."

"धर मग. पण सतराचे दोन आणे खोडायचे नाहीत हं."